कापू नये

४ जून

आलो बुवा एकदाचे नव्या घरात! सामान वर चढवताना हमालांच्या नाकी नऊ आले, कारण माझी तीन यंत्रं आणि ताईची तेरा बोचकी. ताईचं म्हणणं, बोचकी अकराच आहेत, उरलेली दोन तुझ्या चिंध्यांची. असेल. पंचवीस वर्षं रेडिओ केंद्रात टेपा सांभाळल्या. तिथं टेपच उरली नाही, तेव्हा माझंही काम उरलं नाही. पण इथल्या जुन्या रेडिओंच्या दुकानदाराने आपणहून बोलावलं. म्हणाला, की घरी बसून टेपच्या जुन्या कार्ट्रिज दुरुस्त करून द्या, कामाला तोटा नाही. बावन्नाव्या वर्षी कुणी असं बोलावतं का? मी तर हुरळूनच गेलो.

घर वरच्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. मागच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे, तिथं दिवसभर एकसारखा उजेड असतो. टेबल तिथंच लावलं. खाली घरमालकीणबाई राहतात, शिवणकाम करतात, त्यांच्या मशीनची घरघर जिन्यातून वर येते. ताईने तासाभरात त्यांच्या गुडघेदुखीपासून सुनेपर्यंत सगळं काढून घेतलं. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला, की आवरत नाही. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ताई सोळाची. तिनेच मला वाढवलं, स्वतःचं लग्नबिग्न काही केलं नाही, आणि अजून मला बारक्या म्हणते. घरमालकीणबाईंसमोरसुद्धा. लाज आणते नुसती.

८ जून

दुकानदाराने बावीस कार्ट्रिज पाठवल्या. ताईने विचारलं, की या डब्यांना एवढं काय झालंय, म्हणून तिला एक उघडून दाखवली. पुस्तकाएवढा प्लास्टिकचा डबा, आत एकच चकती, आणि टेपची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली. टेप चकतीच्या आतल्या बाजूने सुटते, यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या हेडवरून जाते आणि बाहेरून पुन्हा चकतीवर गुंडाळली जाते. तिला शेवट असा नाहीच. दहा मिनिटांत एक फेरी, आणि यंत्र बंद करेपर्यंत फेऱ्यांवर फेऱ्या.

पन्नास वर्षांत टोकांचा जोड सुटतो, आतल्या स्पंजाचा चिकट चिखल होतो. मग मी टोकं ब्लेडने साफ कापतो, नव्याने जोडतो, जोडावर चकचकीत पट्टी लावतो, नवा स्पंज बसवतो. चुरगळलेला भाग कापून टाकतो. त्याशिवाय दुरुस्ती होत नाही. बोटभर टेप गेली तर गाण्यातला एखादा श्वास जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. दुरुस्त झालेली कार्ट्रिज एक दिवस एक रात्र चालवून पाहायची, हा माझा नियम. ताई म्हणाली, की एवढं लक्ष कधी स्वतःच्या दाढीकडे दिलं असतंस तर घरात बायको आली असती.

१३ जून

आज शेवटची ट्रंक उघडली आणि खजिनाच सापडला. बाबांच्या हातच्या दोन कार्ट्रिज! एक ताईची, एक माझी. मला अंधूक आठवतं, बाकीचं ताईने सांगितलं. ती अठराची आणि मी सहा वर्षांचा असताना दोघांनाही एकदम ताप आला. डॉक्टरांनी हात टेकले. बाबांनी कुठून तरी रेकॉर्ड करायचं यंत्र आणलं आणि आठ दिवस आम्हाला आळीपाळीने बोलायला लावलं. काहीही बोला, पण बोला. नवव्या दिवशी दोघांचाही ताप उतरला. बाबांनी कार्ट्रिज ट्रंकेत टाकल्या, पुन्हा कधी वाजवल्या नाहीत, वाजवू दिल्या नाहीत.

दोन्हींवर बाबांच्या अक्षरात लिहिलंय, कापू नये. मला हसू आलं. बाबांनी जन्मात टेपचं ब्लेड हातात धरलं नव्हतं आणि मला शिकवताहेत! ताईची उघडली तर जोड सुटलेला आणि दीड वीत टेप चुरगळून गेलेली. न कापता ती वाजणार कशी? कापली, जोडली, लावली. ताईचा अठरा वर्षांचा आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हाही मला रागावतच होती. ताई दाराशी उभी राहून ऐकत होती, मग म्हणाली, की हे बंद करू नकोस रे, सोबत वाटते. माझी स्वतःची कार्ट्रिज उघडायला वेळ झाला नाही.

१७ जून

ताईला काहीतरी होतंय. सकाळी भिंतीवरच्या आईच्या फोटोपाशी उभी होती. मला विचारलं, की या बाई कोण, आधीच्या भाडेकरूंच्या का? मला चेष्टा वाटली. पण चेष्टा नव्हती. आईचं नाव, चेहरा, आई गेली तो दिवस, काही नाही. आपल्याला आई होती एवढंही तिला माहीत नाही. बाकी सगळं लख्ख. अगदी घरमालकीणबाईंच्या सुनेची बाळंतपणंसुद्धा.

२० जून

डॉक्टरकडे नेलं. तासभर तपासलं. डॉक्टर म्हणाल्या, की काही दोष दिसत नाही, जागा बदलली की या वयात होतं असं, विश्रांती द्या. घरी परतताना ताईनेच माझी समजूत घातली, की आठवत नाही तर नाही, तिचं काय अडलंय. मला भर रस्त्यात रडू आलं. आईसाठी इतकी रडलेली मुलगी ही. घरी आलो तर यंत्र चालूच होतं, ताईचा जुना आवाज खोलीभर फिरत होता.

२३ जून

सकाळी अकराला वीज गेली. ताई मला कप देत होती, बोलता बोलता. ती थांबली. कप धरलेला, तोंड अर्धं उघडं, पापणी हलेना. हाक मारली, खांदे हलवले. नाकापुढे बोट धरलं. श्वास नव्हता! माझी पाचावर धारण बसली. जिन्यावरून घरमालकीणबाईंना हाका मारल्या, त्या गुडघा धरून वर येईपर्यंत दोन मिनिटं गेली असतील. तेवढ्यात वीज आली, यंत्र पुन्हा फिरू लागलं आणि ताईने अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. मला म्हणाली, की भूत बघितल्यासारखा काय बघतोस, चहा घे. घरमालकीणबाईंनी मलाच पाणी प्यायला दिलं आणि तुम्हीच एकदा तपासून घ्या म्हणाल्या.

२४ जून

करू नये ते केलं. खात्री करायची होती. ताई खिडकीशी केस विंचरत बसली असताना यंत्राचं बटण बंद केलं. पाच मोजले. पाच आकडे ताई नव्हती. तिथं बसलेली होती आणि नव्हती. बटण लावलं, कंगवा पुढे सरकला. आता मला सगळं कळलंय. बाबांनी तापात तिला टेपवर धरून ठेवलं होतं. मी ती कापली आणि जोडली, तेव्हापासून ती या फेरीला बांधली गेली. आणि जी दीड वीत मी केराच्या टोपलीत टाकली, तिच्यावर आई होती.

केर गाडीने त्याच दिवशी नेला. दुकानदाराकडून मोठी बॅटरी आणली. आता वीज गेली तरी यंत्र थांबणार नाही. त्याला वाटलं, कामाचा केवढा हा उत्साह.

२७ जून

मूर्खासारखा आनंदलो होतो. नव्या टेपवर ताईच्या कार्ट्रिजची नक्कल केली. नक्कल दुसऱ्या यंत्रावर लावली आणि मूळची थांबवली. ताई थांबली. नक्कल खणखणीत वाजत होती आणि ताई थांबलेली होती. म्हणजे हीच टेप हवी. हीच चालली पाहिजे, दिवस-रात्र, कायम. पण टेप कायम चालत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? हेडखाली तपकिरी भुकटी साचायला लागलीय. रोज पुसतो.

३ जुलै

टेप कोरडी पडलीय, वेटोळं आवळत चाललंय. फेरी जड झाली की ताईचं बोलणं जड होतं, पाय ओढत चालते. आज दुपारी टेप तुटली. ताई स्वयंपाकघरात उभ्या उभ्या थांबली. डबा उघडला, फाटलेली टोकं कापली, जोडली, बंद केला. चार मिनिटं लागली. तेवढ्यात तिचे ओठ निळे झाले होते.

चार बोटं टेप गेली. ताईने संध्याकाळी वर्तमानपत्र उघडलं आणि हसत म्हणाली, की किती छान नक्षी आहे रे कागदावर.

५ जुलै

पुन्हा तुटली. तीन बोटं गेली. डावा हात आपला आहे हे ताईला आता माहीत नाही. दुसऱ्याचा हात उचलावा तसा उजव्या हाताने तो उचलते आणि बाजूला ठेवते. यावेळी कापलेले तुकडे जपून ठेवले, पण त्यांची नुसती भुकटी झालीय, पुन्हा जोडता येत नाहीत.

गेलेली लांबी भरून काढायला कोऱ्या टेपचा तुकडा मध्ये घातला. दर दहा मिनिटांनी तो हेडवरून जातो. तेवढा वेळ ताईच्या डोळ्यांत कुणी नसतं. ते डोळे पुन्हा बघायची माझी हिंमत नाही.

८ जुलै

माझी कार्ट्रिज उघडली.

बाबांनी दोघांसाठी एकाच जातीची टेप वापरली होती, तोच ताप, तेच आठ दिवस. माझी टेप मऊ, ताजी राहिलीय, कधी चाललीच नाही ना. ती यंत्रावर लावणार नाही, म्हणजे मी बांधला जाणार नाही. नुसती कापायची. कोरा तुकडा काढून तिथं माझी एक वीत जोडली. ताईचे डोळे भरून आले, म्हणजे डोळ्यांत ती आली. वर्तमानपत्र वाचायला लागली! मी वाचायला शिकलो तो माझा तुकडा असेल. मग मी काम करताना शीळ घालतो ती चाल तिने गुणगुणली. मी शीळ घालायला गेलो तर नुसती हवा आली. गेली तर गेली! एका शिळेचं काय एवढं? ताई आहे.

१० जुलै

मला आता मोठी अक्षरं वाचता येतात, बारीक नाही. लिहिता येतंय हे नशीब. आणखी दोन विती दिल्या. ताईचा डावा हात परत आला. माझ्या रेडिओ केंद्राची इमारत मला आठवत नाही, तिथली माणसं नाहीत. ताई मला त्यांच्या गमती सांगते. तिथं ती कधीच आली नव्हती.

१२ जुलै

आज टेप तीनदा तुटली. तीनदा. मी देतोय तेवढं यंत्र खातंय. दुकानदार कामाचं विचारायला आला होता, ताईने त्याला वाटेला लावलं. बरं झालं, मला तो ओळखू आला नाही.

आज मला ते दोन पायांचं, पकडायचं — त्याचं नाव सापडेना. तुटलेली टेप हातात आणि ते समोर पडलेलं. जोडल्यावर ताई शुद्धीवर आली, तिला विचारलं. चिमटा, म्हणाली. आणि माझ्याकडे बघतच राहिली.

१५ जुलै

ताईला कळलं. माझी कापलेली टेप टेबलावर होती, आणि आता तिला माझं काम समजतं, माझ्याहून जास्त. सगळं वदवून घेतलं माझ्याकडून. पाठीत धपाटे घातले, मग गळ्यात पडून रडली. म्हणाली, की चौसष्ट वर्षं पुष्कळ झाली, बंद कर ते, तुला मोठं केलं ते काय असं झिजायला? मी म्हणालो, मेलो तरी बंद करणार नाही. मी तुझ्याशिवाय कोण आहे? चार वर्षांचा होतो तेव्हा तू —

चार वर्षांचा होतो तेव्हा काय झालं होतं? लिहिलंय मागे, ताईने वाचून दाखवलं. आई गेली. बरं.

१६ जुलै

विसरलो तर म्हणून मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतो.

यंत्र बंद करायचं नाही. टेप तुटली की ताई थांबते. चार मिनिटांच्या वर जाऊ द्यायचं नाही. दोन्ही टोकं कापायची, शेजारी शेजारी ठेवायची, जोडायची. ताई म्हणजे माझी बहीण.

ब्लेडं लपवली. ताई त्यांच्याकडे बघत होती.

१७ जुलै

ब्लेडं कुठं ठेवली आठवत नाही. टेप तुटली — ताई थांबली — शोधतोय — दाताने तोडली शेवटी. सहा मिनिटं. सहा. परत आली पण एका डोळ्याने बघत नाही. माझी मोठी लांब टेप दिली, मोजली नाही. लागेल ते घे, ताई. घे सगळं.

१८ जुलै

सकाळ आहे. घरात एक म्हातारी बाई आहेत. चांगल्या आहेत. मला चहा दिला. मला कसल्याशा नावाने हाक मारतात, त्यांना राग येऊ नये म्हणून मी ओ देतो. त्यांनी कपाटामागून ब्लेडं काढली. म्हणाल्या, की तू इथंच लपवलीस, मला आठवतंय. मला नाही आठवत.

मी म्हटलं, कशाला रडता बाई.

त्यांनी मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, की माझ्या टेपमधलं तुझं कापून तुझ्या डब्यात परत जोडते, मी थांबले की घाबरायचं नाही. काय ते कळलं नाही. हो म्हणालो.

डब्याच्या तोंडातून टेप ओढली, कापली. यंत्र चालूच. टेप यंत्रातून फिरून भसाभसा बाहेर येऊन त्यांच्या मांडीवर पडतेय. त्या भराभर कापताहेत. हात किती सफाईदार. मला बघत राहावंसं वाटतं.

यंत्र कुरकुरलं. अडकलं.

बाई थांबल्या.

हात माझ्याकडे केलाय. मुठीत टेपचा तुकडा. घेतला मी. काय करायचं याचं, विचारलं. बोलत नाहीत.

ही वही टेबलावर होती. अक्षर माझंच दिसतं. बारीक वाचता येत नाही. मोठं आहे ते वाचतोय.

ताई म्हणजे माझी बहीण.

म्हणजे या?

चार मिनिटं. घड्याळात किती वाजता थांबल्या ते पाहिलं नाही मी — पाहिलं नाही — ओठ निळे दिसताहेत. खाली हाका मारल्या. खाली मशीन चालू आहे, ऐकू जात नाही. सोडून जाऊ कसा?

दोन्ही टोकं जोडायची. लिहिलंय. दोन्ही. पण इथं चार आहेत. यंत्रातली दोन, माझ्या हातातली दोन. मांडीवरची वेगळीच. बाई, कुठलं कुठल्याला? डोळे उघडेच आहेत, माझ्याकडेच बघताहेत. सांगा ना. करतो मी, शपथ, तुम्ही नुसतं सांगा. हे जोडलं, नाही, चिकटलं नाही, सुटलं — ताई, कुठलं टोक आधी ते